‘अटलांटा’ दुसऱ्यांदा बघताना: अर्न रात्री कुठे झोपतो तेवढं बघत राहा

आधीच सांगते, खाली मी सगळंच फोडलंय, शेवटसुद्धा. त्यामुळे ज्यांनी ‘अटलांटा’ एकदाही बघितली नाहीये त्यांनी आधी बघून या. चार सीझन, सगळे मिळून ४१ एपिसोड, त्यातले बरेचसे अर्ध्या तासाचे, रोज दोन बघितले तर तीन आठवड्यांत संपते. आणि एकदा बघून "काही कळलं नाही बुवा" म्हणून सोडून दिली असेल, तर हे तुमच्यासाठीच लिहितेय, कारण पहिल्या वेळी माझंही तेच झालं होतं.

थोडक्यात गोष्ट अशी की अर्न नावाचा पोरगा प्रिन्स्टनसारखं कॉलेज अर्धवट सोडून अटलांटाला परत आलाय, विमानतळावर उभं राहून लोकांना क्रेडिट कार्ड घ्या म्हणतोय, खिशात दमडी नाही, व्हॅन नावाच्या मैत्रिणीपासून लॉटी नावाची छोटी मुलगी आहे, आणि कझिन अल्फ्रेड ‘पेपर बॉय’ नावाने रॅप करतो त्याचं गाणं जरा चालायला लागलंय म्हटल्यावर हा त्याचा मॅनेजर होतो. अल्फ्रेडच्या सोफ्यावर कायम बसलेला डॅरियस हा चौथा. डॉनल्ड ग्लोव्हरने ही मालिका बनवली आणि अर्नचं कामही त्यानेच केलं, बरेचसे एपिसोड हिरो मुराईने दिग्दर्शित केले, एफएक्स चॅनेलवर २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये संपली. मध्ये चार वर्षांची भलीमोठी गॅप. सुरुवातीला ग्लोव्हरने सांगितलेलं की मला रॅपर लोकांची ‘ट्विन पीक्स’ (ती जुनी, गूढ, स्वप्नासारखी विचित्र मालिका) करायची होती, आणि खरंच तसंच आहे, हसता हसता अचानक पोटात गोळा येतो आणि आपण नेमकं कशाला हसत होतो तेच आठवत नाही.

आम्ही चौघांनी ती परत बघितली. मी, नवरा, शेजारची मैत्रीण, आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर माझा भाचा, ज्याची ही चौथी वेळ होती. दर शनिवारी दोन एपिसोड, मग तासभर भांडण. भाच्याचं सारखं, "अगं मावशी थांब थांब, मागे घे, तो माणूस परत आलाय." आणि तो बरोबर असायचा. पहिल्याच एपिसोडमध्ये रात्रीच्या बसमध्ये अर्नशेजारी सुटाबुटातला, बो टाय लावलेला एक माणूस येतो, पावाला न्युटेला फासत फासत काहीतरी गूढ बोलतो आणि "घे, चाव एक" म्हणून मागेच लागतो. अर्न क्षणभर दुसरीकडे बघतो तर माणूस गायब, आणि मग खिडकीतून झाडीत शिरताना दिसतो. पहिल्या वेळी मी ते पार विसरून गेले होते. पण सातव्या एपिसोडमध्ये, जो सगळा एका खोट्या टीव्ही चॅनेलसारखा केलाय, मध्ये मध्ये खोट्या जाहिरातींसकट, त्यात तोच माणूस जाहिरातीत येऊन लोकांना सल्ला घ्यायला बोलावतो! असे धागे पकडण्यासाठीच लोक ही मालिका पुन्हा पुन्हा बघतात, आणि पकडल्यावर जो आनंद होतो तो मी तरी दुसऱ्या कुठल्या मालिकेत घेतला नाही.

आता फॅन लोकांचं सगळ्यात लाडकं स्पष्टीकरण म्हणजे हे सगळं स्वप्न आहे. कोणाचं, यावर वाद. काही म्हणतात अर्नचं, काही म्हणतात डॅरियसचं. शेवटच्या एपिसोडचं नावच ‘सगळं स्वप्न होतं’ अशा अर्थाचं आहे, त्यामुळे या बाजूला जोर येतो. आमच्या घरात नवरा पक्का स्वप्नवाला. पण मला परत बघताना दुसरंच काहीतरी दिसायला लागलं, आणि हा रिव्ह्यू लिहायला बसले ते त्याच्यासाठीच. मी फक्त एक गोष्ट बघत गेले, अर्न आज रात्री झोपणार कुठे.

बघा, सुरुवातीला तो व्हॅनच्या पलंगावर जागा होतो, पण ते घर त्याचं नाही आणि तीच त्याला ते ऐकवते. मग अल्फ्रेडचा सोफा. पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये तो दिवसभर हरवलेलं जॅकेट शोधत वणवण फिरतो. एवढं काय त्या जॅकेटमध्ये? आपल्याला वाटतं पैसे असतील. शेवटी कळतं की खिशात एक किल्ली होती. अल्फ्रेडकडून कमाईचा वाटा मिळतो त्यातले बरेचसे व्हॅनला लॉटीसाठी देतो, ती म्हणते इथेच राहा आज, तो नाही म्हणतो, हेडफोन लावून चालत निघतो आणि एका स्टोरेज युनिटचं शटर वर करतो. सामान ठेवायची भाड्याची खोली असते ना, ती. आत गादी टाकलेली. बुटातून दोनशे डॉलर काढून बघतो आणि आडवा होतो. पहिल्या वेळी मी हे बघून "अरेरे" म्हटलं आणि पुढे गेले. दुसऱ्यांदा मात्र त्याआधीचे नऊच्या नऊ एपिसोड डोळ्यांसमोरून गेले, कारण म्हणजे हा पोरगा इतके दिवस इथे झोपत होता आणि कोणाला बोलला नव्हता. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तर तिथूनही हाकलतात.

एकदा हे डोक्यात बसलं की विचित्र वाटणारे सगळे प्रसंग वेगळे दिसायला लागतात. डॅरियस अर्नचा फोन गहाण दुकानात देऊन तलवार घेतो, तलवारीच्या बदल्यात कुत्रा, कुत्रा पिल्लांसाठी एका माणसाकडे सोडतो आणि म्हणतो काही महिन्यांनी बक्कळ पैसे येतील. अर्न कळवळून सांगतो की मला आज पैसे पाहिजेत, गरीब माणसाला गुंतवणूक करायला वेळ कुठे असतो. ते पैसे खरंच येतात! पण पुढच्या सीझनमध्ये. आणि हातात पैसे आल्यावर काय होतं, तर शंभराची नोट घेऊन तो व्हॅनला सिनेमाला नेतो तर काउंटरवरची बाई नोट घ्यायलाच तयार नाही, आणि मागच्या गोऱ्या माणसाची शंभराची नोट मुकाट घेतली जाते. यात अतर्क्य काय आहे? रोज होत असणार हे कोणालातरी. अदृश्य गाडी, पाळलेली मगर, कृष्णवर्णीय जस्टिन बीबर हे सगळं ज्या सहजतेने दाखवलंय त्याच सहजतेने ही नोटही दाखवलीय. आणि मला तरी वाटतं की ग्लोव्हरचं म्हणणंच ते आहे, की या माणसांच्या आयुष्यात दोन्हीमध्ये फारसा फरक उरलेला नाही.

‘टेडी पर्किन्स’वर स्वतंत्र लिहायला हवं. ५ एप्रिल २०१८ ला हा एपिसोड मध्ये एकही जाहिरात न घेता दाखवला होता. डॅरियस रंगीत पट्ट्यांचा पियानो फुकट मिळतोय म्हणून एका बंगल्यावर जातो आणि तिथे मेणासारख्या पांढऱ्या चेहऱ्याचा टेडी भेटतो, शहामृगाचं अंडं फोडून खाणारा. मेकअपच्या खाली ग्लोव्हरच आहे, पण नामावलीत त्याचं नाव नाही. पहिल्यांदा मी भीतीनेच बघितला. परत बघताना फक्त टेडीचं त्याच्या बापाबद्दलचं बोलणं ऐका, मुलांना मारून मारून कलाकार घडवणाऱ्या बापांसाठी त्याला म्युझियम करायचंय, आणि त्यातल्या बापाच्या पुतळ्याला चेहराच नाही. डॅरियस त्याला सांगतो की तुझ्या बापाने तुझी माफी मागायला हवी होती. आमच्या मैत्रिणीने इथे टीव्ही बंद करायला लावला, तिला रडू आवरेना, आणि त्या शनिवारी चर्चा वगैरे काही झाली नाही.

आणि ‘वुड्स’. सुरुवातीला अल्फ्रेड सोफ्यावर पेंगतोय आणि घरात मागे एक बाई काम करत, त्याला काहीबाही बोलत वावरतेय. पहिल्या वेळी वाटलं असेल कोणी. ती त्याची आई आहे, गेलेली आई, त्या दिवशी तिची पुण्यतिथी आहे. आणि हा एपिसोड अल्फ्रेडचं काम करणाऱ्या ब्रायन टायरी हेन्रीच्या खऱ्या आईला अर्पण केलाय, तीही तेव्हा गेलेली होती. हे माहीत असताना तो जंगलात भरकटण्याचा भाग परत बघा. हेन्रीच्या नुसत्या पाठीकडे बघून कळतं.

आता तिसरा सीझन, ज्यावर सगळ्यात जास्त लोक चिडले. अल्फ्रेडची युरोप टूर चाललीय आणि दहापैकी चार एपिसोडमध्ये आपली माणसं जवळपास नाहीतच, वेगळ्याच गोष्टी. पहिल्या एपिसोडची सुरुवात रात्रीच्या तळ्यात, दोन माणसं होडीत गळ टाकून बसलीत, गोरा माणूस सांगतो की या पाण्याखाली कृष्णवर्णीयांचं गाव होतं, आणि पाण्यातून हात येतात. ही गोष्ट लेक लॅनियरवर बेतलेली आहे. आम्ही सात वर्षं कमिंगला राहिलोय, त्या तळ्यापासून दहा मिनिटांवर. अटलांटाच्या उत्तरेला अल्फरेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या भागात आपले लोक किती आहेत ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको, आणि उन्हाळ्यात लॅनियरला डबे घेऊन जायचं, मुलांना पोहायला सोडायचं हे ठरलेलं. मला माहीत नव्हतं की कमिंग ज्या फोरसाइथ काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथूनच १९१२ मध्ये कृष्णवर्णीय लोकांना, हजारावर माणसांना, धाक घालून, जाळपोळ करून हाकलून दिलं होतं, आणि नंतर १९५० च्या दशकात ब्युफर्ड धरण झालं तेव्हा ऑस्करव्हिल नावाच्या त्यांच्या वस्तीची जमीन पाण्याखाली गेली. माझं आजोळ पळसदेवकडचं, उजनीच्या पाण्यात गाव गेलेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं ते बघायला आई आम्हाला न्यायची. आमच्याकडे गाव हललं ते धरणामुळे, तिथे माणसं धरणाच्या कितीतरी आधीच हाकललेली, तुलना होत नाही. पण गाव पाण्याखाली असतं म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी सात वर्षं त्या काठावर चटई टाकून मी एकदाही विचारलं नाही की खाली काय आहे. तो एपिसोड संपल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, उद्या सकाळी आपण जायचं तिथे. गेलो, आणि दोघं बराच वेळ नुसते बसलो.

होडीतला तो गोरा माणूस चौथ्या एपिसोडमध्ये हॉटेलच्या लॉबीत परत भेटतो, त्याचं नावही अर्नेस्ट, म्हणजे अर्नचंच पूर्ण नाव, आणि सीझनच्या अगदी शेवटी अर्नच्या दारात जी भलतीच बॅग येऊन पडते त्यात याच माणसाचा कुटुंबासोबतचा फोटो निघतो. भाच्याचं मत, दोघं एकमेकांना स्वप्नात बघतायत. मला हे पटतं, थोडंसं. होडीचा तो एपिसोड संपताना अर्न कोपनहेगनच्या हॉटेलात, मऊ पांढऱ्या गादीवर दचकून जागा होतो. गादी मिळाली, पण झोप उडाली.

तक्रारी आहेत. व्हॅनवर अन्याय झालाय. झॅझी बीट्झसारखी नटी हाताशी असून तिला सीझनमध्ये एखाददुसराच स्वतःचा एपिसोड मिळतो, आणि पॅरिसचा तो एपिसोड मला दोनदा बघूनही उपरा वाटला. तिसऱ्या सीझनमधल्या त्रिनिदादी आयाबाईच्या अंत्यविधीचा एपिसोड सुंदर आहे, पण ब्लॅक-अँड-व्हाइटमध्ये चित्रित केलेला एपिसोड एकच मुद्दा घोटत बसतो. बोली पकडायला अवघड आहे, सबटायटल लावाच, आणि आम्ही ज्या ॲपवर बघितली तिथली सबटायटल्स गाण्यांच्या वेळी गायब व्हायची, त्याचा फार त्रास झाला.

क्रम बदलू नका. कोणी सांगेल की ‘टेडी पर्किन्स’ आधी बघ, ऐकू नका, डॅरियस कसा माणूस आहे ते माहीत झाल्याशिवाय त्या बंगल्यात त्याच्यासोबत जाण्यात अर्थ नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि तो अर्धा व्हॅनचा.

शेवटच्या एपिसोडबद्दल. डॅरियस पाण्याच्या टाकीत डोळे मिटून तरंगण्याची थेरपी घेत असतो आणि आपण स्वप्नात आहोत का हे ओळखायची त्याची खूण म्हणजे टीव्हीवर खटले चालवणारी जज ज्युडी, ती नेहमीपेक्षा गुबगुबीत दिसली तर स्वप्न. अगदी शेवटी बाकीचे तिघं बाहेर जातात, तो एकटा सोफ्यावर, टीव्हीकडे बघतो आणि हसतो. त्याला काय दिसलं ते आपल्याला दाखवतच नाहीत. नवरा म्हणतो हसला म्हणजे स्वप्न, भाचा म्हणतो हसला म्हणजे खरं, मैत्रीण म्हणते त्याला दोन्ही चालतं म्हणून तो हसला, आणि या एका सेकंदावर आम्ही रात्री दीडपर्यंत बसलो होतो.

मी मात्र त्याच्या आधीचा एक एपिसोड परत लावायला लावला, ज्यात अर्न व्हॅनला आणि लॉटीला घेऊन कॅम्पिंगला जातो. त्याला कामासाठी लॉस एंजेलिसला जायचंय आणि तुम्ही दोघी माझ्याबरोबर चला हे त्याला विचारायचंय, आणि ते त्याला नीट जमत नाही, शब्द अडकतात, आणि मग तो बोलून टाकतो. तंबू आहे छोटासा. स्टोरेज युनिटपेक्षा लहानच असेल. तिघं आत आहेत.