ओ-पेअर की मिनीजॉब? जर्मनीत मुलं सांभाळत शिकायचं असेल तर

जर्मनची बी-१ (भाषेची मधली पातळी) झाली, आता पुढे काय, हा प्रश्न पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधून किंवा मॅक्स म्युलर भवनातून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच जणींना पडतो. लहान मुलांची आवड असेल तर दोन वाटा दिसतात. एक, ओ-पेअर म्हणून वर्षभर जर्मन कुटुंबात राहायचं, मुलं सांभाळायची आणि भाषा पक्की करायची. दुसरी, विद्यापीठात प्रवेश घेऊन जायचं आणि शिकता शिकता एखाद्या घरी तासावर मुलं सांभाळायची. काम वरवर सारखंच: डबा भरणं, शाळेत सोडणं-आणणं, गोष्ट सांगून झोपवणं. पैशाचे नियम मात्र पूर्ण वेगळे आहेत, म्हणून बोलणीही वेगळी करावी लागतात. ओ-पेअरमध्ये रक्कम जवळजवळ ठरलेलीच असते, तिथे तासांवर बोलायचं. मिनीजॉबमध्ये, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच कमाई होणाऱ्या छोट्या नोकरीत, तास मोजके असतात, तिथे दरावर बोलायचं. हे उलटं केलं तर हाती फारसं लागत नाही.

आधी ओ-पेअरचे आकडे. महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी ७० युरो, शिवाय खोली, जेवण आणि विमा कुटुंबाकडून. काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, म्हणजे महिन्याला साधारण १३०. नुसत्या हातखर्चाला तासांनी भागलं तर तासाला सव्वादोन युरोही पडत नाहीत. हे ऐकून घरचे म्हणतात, एवढ्यासाठी जर्मनीला कशाला जायचं? पण हा हिशेब अपुरा आहे. नोकरीत मिळणाऱ्या राहण्या-जेवणाची किंमत जर्मन सरकार दरवर्षी ठरवून देतं. २०२५ साली ती जेवणाची ३३३ आणि राहण्याची २८२ युरो होती. हे सगळं धरलं तर महिन्याला ९६५ युरो होतात, तासाला साडेसातच्या आसपास. त्याच वर्षी तिथलं किमान वेतन होतं १२.८२ युरो. म्युनिकसारख्या शहरात खोलीचं खरं भाडं सरकारी आकड्याच्या दुपटीहून जास्त असतं, तिथे ही दरी बरीच कमी होते. छोट्या गावात ती तशीच राहते.

तेव्हा ओ-पेअरकडे कमाई म्हणून पाहू नका. कायदाही त्याला नेहमीची नोकरी मानत नाही, म्हणूनच किमान वेतन तिथे लागू होत नाही. त्याची खरी किंमत दुसरीकडे आहे. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या घरातली रक्कम. ओ-पेअरला ती लागत नाही. ए-१ चं, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीचं, प्रमाणपत्र पुरतं, फक्त व्हिसाचा अर्ज करताना वयाची २७ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. ज्या घरात बारा लाख उभे करायला शेत नाहीतर दागिने गहाण ठेवावे लागतील, तिथे हा फरक फार मोठा आहे.

आता तासांचं. माझ्या मते ओ-पेअरची फसगत पैशात होत नाही, वेळापत्रकात होते. करार करण्याआधी कुटुंबाकडून आठवड्याचं वेळापत्रक लिहून मागा आणि पेन घेऊन बेरीज करा. समजा त्यांनी असं लिहून पाठवलं: रोज सकाळी ७ ते ८.३० मुलांचं आवरून पाळणाघरात सोडणं, दुपारी ३ ते ६ सांभाळणं, आणि शुक्रवारी आईबाबा बाहेर जातात म्हणून रात्री ७ ते ११. रोजचे साडेचार तास, पाच दिवसांचे साडेबावीस, वर शुक्रवारचे चार. एकूण साडेसव्वीस. तिसाच्या आत बसलं, छान वाटतं. पण मर्यादा दिवसालाही आहे, सहा तासांची, आणि शुक्रवारी होतात साडेआठ. मुलं झोपलेली असली तरी तुम्ही घरात थांबलेल्या असता, तो वेळ कामाचाच. इथे भांडायची गरज नाही. एवढंच म्हणा, "शुक्रवारची रात्र मी नक्की सांभाळीन, त्या दिवशी दुपारची सुट्टी द्या." दिवस साडेपाच तासांवर येतो. बहुतेक कुटुंबांनी ही बेरीज केलेलीच नसते, आणि वहीत मांडून दाखवली की ती ऐकतात.

मूल आजारी पडलं की पाळणाघर घेत नाही, आणि ते घरी राहिलं की तुमचे तास वाढतात. ते कसे भरून देणार हेही आधीच विचारून घ्या. आठवड्याला दीड दिवस सुट्टी आणि वर्षाला चार आठवड्यांची रजा हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी आभार मानत बसू नका. झाडलोट, कपड्यांच्या घड्या ही हलकी कामं त्याच तीस तासांतली. आणि सूर अगदीच जुळले नाहीत तर करार मोडायची पूर्वसूचना सहसा १४ दिवसांची असते. ती करारात आहे ना, हे सही करण्याआधी बघा.

दुसरी वाट धरणाऱ्या विद्यार्थिनीला किमान वेतनाचं संरक्षण आहे. १ जानेवारी २०२६ पासून ते तासाला १३.९० युरो आहे आणि घरकामालाही लागू आहे. मिनीजॉबमध्ये महिन्याला ६०३ युरोपर्यंत कमावता येतं, म्हणजे किमान दराने महिन्याचे त्रेचाळीसेक तास. ब्लॉक्ड अकाउंटच्या हिशेबाने महिन्याचा खर्च ९९२ युरो धरलेला असतो. तेव्हा नुसत्या बेबीसिटिंगवर राहणं, खाणं, विमा निघणार नाही, हे मनाशी पक्कं असू द्या. व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि चार तासांपर्यंतचं काम अर्ध्या दिवसात धरतात. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतचं काम अडीच दिवस म्हणूनही मोजता येतं. ज्याने दिवस कमी खर्च होतील तो हिशेब धरा.

दरावर बोलताना १३.९० पासून सुरुवात करू नका, तो तळ आहे. दोन मुलं असतील, गृहपाठ घ्यायचा असेल, रात्री उशीर होणार असेल तर १६ मागा आणि कारण सांगा. जर्मन रेड क्रॉसचे बेबीसिटरसाठीचे कोर्स असतात, तेवढं एक प्रमाणपत्र हातात असलं की बोलणं सोपं जातं. रात्री परतताना बस नसेल तर टॅक्सीचे पैसे वेगळे ठरवून घ्या.

कुटुंब म्हणेल, रोख देतो, नोंदणीचं कशाला? तिथे ठाम राहा. मिनीजॉब-त्सेंट्राले या मिनीजॉबच्या सरकारी कार्यालयाकडे घरगुती कामाची नोंदणी साध्या फॉर्मवर होते आणि तिच्यासोबत अपघात विमा येतो. चार आठवडे काम झाल्यावर आजारपणातही सहा आठवड्यांपर्यंत पगार मिळतो. त्यांचाही फायदा सांगा: बँकेतून दिलेल्या बालसंगोपनाच्या खर्चाचा ८० टक्के भाग, मुलामागे वर्षाला ४,८०० युरोपर्यंत, २०२५ पासून करपात्र उत्पन्नातून वजा होतो. रोख दिलेला होत नाही. "तू फ्रीलान्स बिल दे" असं कोणी सुचवलं तर थेट नाही म्हणा, कारण विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही.

आणि आपली माणसं. त्या कुटुंबाची घरची भाषा जर्मन असली तरी ती पालकांची मातृभाषा नसेल, तर ते मूळचे ज्या देशातले, तिथल्या मुलीला ओ-पेअर म्हणून ठेवता येत नाही. त्यामुळे पुण्याहून तिकडे स्थायिक झालेल्या ताईंकडे ओ-पेअर म्हणून जायचा बेत सोडून द्या. मिनीजॉब मात्र त्यांच्याकडे करता येतो आणि सगळ्यात अवघड बोलणी तिथेच असतात. "अगं, तू घरचीच, जेवूनच जा" यात खरी माया असते, आणि परदेशात तिची किंमत मोठी आहे. पण पोळीभाजीच्या ताटात तासाचा दर बुडू देऊ नका. पहिल्याच भेटीत म्हणा, "ताई, नोंदणीचा फॉर्म मी घेऊन येते, तुम्ही फक्त सही करा, आणि तासांची वही आपण दोघी दर शनिवारी बघू."

वय २५-२६, हाताशी पैसे कमी आणि बोलताना अजून अडखळायला होत असेल, तर ओ-पेअरचं वर्ष घ्या. ही संधी एकदाच मिळते आणि वयाबरोबर निघून जाते. प्रवेश हातात असेल आणि पैशाची सोय झाली असेल तर भाषेसाठी वर्ष घालवू नका, थेट जा. पहिलं सत्र अभ्यासाला द्या आणि काम दुसऱ्या सत्रात शोधा. पहिल्या महिन्यांत पैशाची निकड असली की माणूस मिळेल त्या दराला हो म्हणतो.