ओसीडीचे ऑनलाइन ग्रुप: पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

ओसीडी म्हणजे नको असलेला विचार डोक्यात अडकतो आणि तो शमवायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो, तो आजार. त्याचे दोन ग्रुप वापरले. नावं देत नाही, आत माणसं आजारपणाचं बोलतात. पहिला टेलिग्रामवरचा, अवाढव्य, हिंदी-इंग्रजी, कोणीही यावं कोणीही जावं. दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवरचा, मराठी, तीसेक जण, रविवारी रात्री व्हिडिओवर भेट. माझी गोळी आणि थेरपी दोन्ही चालू होती नि आहेत, हे आधीच सांगून टाकतो. नुसत्या ग्रुपवर कोणी बरं होतं का, यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

माझं इंदुरात मेडिकल स्टोअर आहे. तपासत बसणं हा माझा प्रकार. गिऱ्हाईक पायरी उतरलं की डोक्यात सुरू: मेटोप्रोलॉल (बीपीची गोळी) पंचवीसचं होतं, पन्नासचं तर नाही ना गेलं? मग बिल बघायचं, खोक्यातल्या स्ट्रिपा मोजायच्या, सीसीटीव्ही मागे न्यायचा, शेवटी गिऱ्हाइकाला फोन. ‘बरोबर दिलंय’ हे कळूनही दहा मिनिटांत पुन्हा तेच. त्यात आमचा धंदाच तपासण्याचा. शेड्यूल एच-वन म्हणजे जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीतल्या औषधांसाठी डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं, हा कायदा आहे. मग कुठवर काम आणि कुठून आजार? थेरपिस्ट बाईंनी माझ्याबरोबर बसून रेघ आखली: कायदा आणि चिठ्ठी सांगते तेवढं एकदा बघायचं, दुसऱ्यांदा हात गेला की तो आजाराचा.

पहिल्या ग्रुपचा फायदा खरा आहे, तो नाकारणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ओसीडीचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आलं होतं. इंदुराएवढ्या शहरात तेसुद्धा हजारोंनी झाले. माझ्याच काउंटरवर फ्लूव्होक्सामिनच्या, म्हणजे ओसीडीवर देतात त्या गोळीच्या, चिठ्ठ्या येतात, पण रांगेत उभं राहून कोण बोलणार! ग्रुपमध्ये लोक बोलतात. एक नवी आई होती, तान्ह्या बाळाला आपल्याच हातून काही होईल या विचाराने सुऱ्या कपाटात कुलूपबंद करून बसलेली. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तिने लिहिलं आणि थोड्याच वेळात कितीतरी जणींचं उत्तर: हे आम्हालाही होतं, या विचारांची भीती वाटते हेच लक्षण आहे, डॉक्टरकडे जा. ती गेली. एवढ्यासाठी तरी असे ग्रुप असावेत.

पण तोच ग्रुप माझ्यासारख्याला कसा पडतो ते पाहा. घरी बायको रोज रात्री म्हणायची, ‘अहो, बरोबरच दिलं असेल.’ थेरपिस्ट बाईंनी तिला ते बंद करायला सांगितलं, कारण काहींचं जसं सारखं हात धुणं, तसं माझं खात्री मागणं होतं. घरचं दार बंद झालं की हा आजार खिडकी शोधतो, आणि टेलिग्राम ही रात्रभर उघडी खिडकी. बिल आणि स्ट्रिपचा फोटो टाकला की पाच जण सांगणार, ‘भैया बिलकुल सही है, टेन्शन मत लो.’ सगळे सज्जन. त्यातल्या एकालाही औषधातलं कळत नव्हतं हा भाग वेगळाच! दिलासा मिळायचा, टिकायचा नाही, आणि पुढच्या वेळी तो आणखी लवकर लागायचा. त्या ग्रुपमधले निम्मे निरोप असेच असतात: ‘तुम्हालाही असं होतं का?’, ‘हे ओसीडीच ना, नक्की ना?’ एकाच माणसाचा तोच प्रश्न शब्द बदलून आठवडाभर. त्याला कोणी अडवत नाही, अडवलं तर अडवणारा निर्दयी ठरतो.

आणि औषधं. इथे माझा पारा चढतो. ‘दोन आठवडे झाले, सर्ट्रालिनने काही फरक नाही, बंद केली,’ असं कोणीतरी लिहितं आणि खाली ‘मैंने भी’ची रांग लागते. ओसीडीत या गोळ्यांना आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, डोसही बहुधा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो, आणि एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटणं, हे होऊ शकतं. मी लिहायचो, ते वाहून जायचं. इथल्या दवा बाजारातला, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारातला, माल पोचवणारा पोरगाही याहून जबाबदारीने बोलतो.

मराठी ग्रुप एका नियमावर उभा आहे: खात्री कोणी मागायची नाही, कोणी द्यायची नाही. पहिल्याच आठवड्यात मी सवयीने स्ट्रिपचा फोटो टाकला. चालवणाऱ्या काकांचं उत्तर आलं, ‘फोटो पाहिला. उत्तर देणार नाही. शटर पाडताना व्हिडिओवर येता का?’ राग आला होता, खरं सांगतो. पण आलो. दुकानातला मुलगा विचारत होता, ‘भिया, गिरा दूँ?’, मी ‘हो’ म्हटलं आणि संगणकाकडे न वळता बाहेर येऊन उभा राहिलो. स्क्रीनवर नाशिकच्या एक ताई भाजी निवडत होत्या, ग्वाल्हेरचे एक आजोबा नुसते बसले होते. कोणी विचारलं नाही, बरोबर दिलं का. पोटात गोळा होता, तो होताच, आणि मी तसाच स्कूटर काढून घरी गेलो.

या पद्धतीला डॉक्टर ईआरपी म्हणतात: भीतीसमोर जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी ती दोन पेशंटवर वापरून लिहिली, तेव्हा दवाखान्यात नर्स शेजारी थांबून पेशंटला हात धुण्यापासून रोखायच्या. आमच्याकडे ते शेजारी थांबणं ग्वाल्हेरच्या आजोबांकडे आहे. काय करायचं, कुठल्या पायरीपासून, हे मात्र माझ्या थेरपिस्ट बाई ठरवतात, ग्रुप नाही. हे ग्रुपमध्येही सगळ्यांना मान्य आहे.

खटकतं तेही आहे. सोवळ्या-ओवळ्याचा विषय निघाला की हा ग्रुप चाचरतो. एक मावशी देवघरात शिरण्याआधी तासभर नळाखाली असतात. अर्धे म्हणतात आजार, अर्धे म्हणतात आमच्या आजीही अशाच. रविवारची मीटिंग त्यातच संपते. दुसरं, कोणी नवं लक्षण सांगितलं की एखाद-दुसऱ्याला ते चिकटतं. माझ्या डोक्यात चार दिवस कुणाचा तरी गॅसचा नॉब फिरत होता. आणि इंदूरवरचे विनोद! २०१७ पासून सरकारी स्वच्छता सर्वेक्षणात सलग कितीतरी वर्षं शहराचा पहिला नंबर आला, तेव्हा ‘तुमच्याकडे पाण्यातच ओसीडी आहे’ हे दर भेटीत ऐकायचं. पहिल्यांदा हसलो होतो.

ओसीडी किती तीव्र आहे हे बघायला वाय-बॉक्स नावाची दहा प्रश्नांची मोजणी असते, चाळीसपैकी; आकडा जितका कमी तितकं बरं. सुरुवातीला माझा आकडा पंचविशीच्या पुढे होता, आता पंधराच्या आसपास आहे. त्यात गोळीचं किती, बाईंचं किती, ग्रुपचं किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण रात्री शटरनंतरचा जो अर्धा तास गोळीही सांभाळत नाही आणि बाईही सांभाळत नाहीत, तो ग्रुपने सांभाळला.

नुकतंच निदान झालं असेल, लाजेने तोंड उघडत नसेल, तर मोठा ग्रुप थोडे दिवस जरूर वाचा, मग निघा. खात्री मागण्याचा प्रकार असेल तर आत शिरण्यापूर्वी एवढंच विचारा: इथे ‘सगळं ठीक आहे ना?’ला काय उत्तर देता? रात्री फारच बिनसलं तर ग्रुप उघडू नका, १४४१६ फिरवा. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास.

टेलिग्रामवाल्याला पाचपैकी दोन. मराठी ग्रुपला चार. एक त्या विनोदांसाठी कापला.