एटिमॉनलाइन: ‘अलॅस’पासून ‘टट-टट’पर्यंत

इंग्रजी उद्गारवाचक शब्दांची व्युत्पत्ती फुकटात आणि झटपट बघायची, तर डग्लस हार्पर यांच्या ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ची, म्हणजेच एटिमॉनलाइनची, शिफारस बिनधास्त करता येते. नोंदी नीट वाचता यायला हव्यात, एवढीच अट.

‘अलॅस’ टाका. तेराव्या शतकाचा मध्य. जुन्या फ्रेंचमधलं ‘हा, लास’. त्यातल्या ‘लास’चा अर्थ अभागी, मूळ अर्थ थकलेला, लॅटिन ‘लासुस’वरून. आपण ज्याचं ‘अरेरे’ करतो, त्याच्या पोटात ‘दमलो रे बाबा’ दडलेलं आहे! ‘झाउंड्स’ या राग-आश्चर्याच्या जुन्या उद्गाराचंही तसंच. देवाचं नाव घेऊन शपथ घालणं पाप, म्हणून ‘गॉड्स वूंड्स’ (ख्रिस्ताच्या जखमा) आवळून हा शब्द झाला. ‘गॉश’ त्याच कुळातला, ‘गॉड’चं तोंड चुकवलेलं रूप.

गफलत होते ती सालाची. ‘गॉश’पुढे १७५७ दिसलं की लोक त्याला जन्मसाल समजतात. तो असतो पहिला सापडलेला लेखी पुरावा. उद्गार तोंडात आधी रुळतात, कागदावर मागाहून येतात; त्यामुळे नाम-क्रियापदांपेक्षा इथे ही तफावत जास्त धरावी.

दुसरी अडचण स्पेलिंगची. ‘हॅलो’ एकट्याने वाचून भागत नाही. ‘हॅलू’, ‘हॉलो’ हे भाऊबंदही उघडावे लागतात. लांबच्या माणसाला हाक मारायचे हे शब्द. टेलिफोन आल्यावर ‘हॅलो’ घरोघरी गेला. टेलिफोनचे जनक बेल यांची पसंती खरं तर ‘अहॉय’ला होती, ‘हॅलो’ सुचवला एडिसन यांनी १८७७ मध्ये. ‘वेल’ टाकलं तर विहीरही समोर येते. ती सोडून क्रियाविशेषणाची नोंद वाचा, उद्गार त्यातूनच निघाला.

कोश कमी पडतो तो ध्वनीच्या बाबतीत. ‘टट-टट’ मुळात शब्दच नव्हे. जीभ दातांमागे टेकवून झटकन सोडली की होणारा, आपल्या ‘च्च च्च’सारखा आवाज, लिहायला अक्षर नाही म्हणून ‘टट’ लिहिलं आणि पुढे लोक तसंच वाचायला लागले. हे नुसत्या मजकुरातून कसं कळणार? उच्चारासाठी मेरियम-वेबस्टर उघडा, तेही फुकट आहे. तारीखवार अवतरणं हवी असतील तर ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्याला वर्गणी पडते, पण आधी आपल्या ग्रंथालयाकडे प्रवेश आहे का ते विचारा.