चिखलातली रात्रभराची रिले: फेऱ्यांची की टप्प्यांची, आठ जणांची की चौघांची?

रात्रभर चालणाऱ्या सांघिक रिलेसाठी नाव नोंदवताना बहुतेक संघ दोनच गोष्टी पाहतात: एकूण अंतर किती आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती किलोमीटर येतात. वाट कोरडी असेल तर एवढा हिशेब पुरतो. चिखलाच्या वाटेवर मात्र तो फसवा ठरतो, कारण चिखलात धावताना माणूस दमतो, पण खरा खचतो तो धावून आल्यावर, ओल्या कपड्यांत पुढच्या पाळीची वाट पाहताना. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे धावणे थांबल्यापासून दहा-पंधरा मिनिटांतच अंगात हुडहुडी भरू लागते. म्हणून स्पर्धेचा प्रकार निवडताना अंतराच्या आधी दोन पाळ्यांमधला वेळ मोजावा, आणि त्या वेळात कोरडे होऊन आडवे पडायला जागा कुठे मिळणार आहे ते पाहावे, असे माझे मत आहे. पुढची तुलना याच कसोटीवर केली आहे.

फेऱ्यांच्या प्रकारात सगळे संघ एकाच तळावर मुक्काम करतात. धावपटू तळावरून निघतो आणि वळसा घालून तळावरच परत येतो. अमेरिकेतील रॅग्नर ट्रेल या मालिकेत आठ जणांचा संघ असतो, कमी-अधिक अवघड अशा तीन वेगवेगळ्या फेऱ्या आखलेल्या असतात आणि प्रत्येकाला त्या तिन्ही एकेकदा धावाव्या लागतात. 24 तासांच्या अनेक स्पर्धांत एकच फेरी असते आणि ठरलेल्या वेळात तिच्या जास्तीत जास्त आवृत्त्या करायच्या असतात. टप्प्यांच्या प्रकारात संघ एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो आणि न धावणारे सदस्य गाडीने पुढच्या बदलीच्या जागी जाऊन थांबतात. ऑरेगनमधील हूड टू कोस्ट ही 1982 साली सुरू झालेली शर्यत या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे: माउंट हूडपासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत सुमारे 320 किलोमीटर, बारा धावपटू, 36 टप्पे आणि दोन गाड्या. ती मुख्यतः रस्त्यावरची शर्यत असली तरी तिचा साचा पायवाटांवरच्या शर्यतींतही वापरला जातो, म्हणून येथे तिचा विचार केला आहे.

आता विश्रांतीचा हिशेब पाहू. आठ जणांनी प्रत्येकी तीन फेऱ्या केल्या आणि फेरी सरासरी 8 किलोमीटरची धरली, तर एकूण 24 फेऱ्या आणि 192 किलोमीटर होतात. कोरड्या वाटेवर किलोमीटरला 7 मिनिटांचा वेग धरला, तर एक फेरी 56 मिनिटांची, संपूर्ण शर्यत 22 तास 24 मिनिटांची आणि दोन पाळ्यांमधले अंतर साडेसहा तासांचे होते. चिखलामुळे तोच वेग किलोमीटरला 9 मिनिटांवर आला, तर फेरी 72 मिनिटांची, शर्यत 28 तास 48 मिनिटांची आणि दोन पाळ्यांमधले अंतर 8 तास 24 मिनिटांचे होते. म्हणजे मोठ्या संघाला चिखल उलट अधिक विश्रांती देतो. त्याची किंमत शेवटी मोजावी लागते: सकाळी दहाला सुटलेला संघ दुसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमारास मोकळा होण्याऐवजी दुपारी पावणेतीनपर्यंत अडकून राहतो, आणि आयोजकांनी वेळेची मर्यादा घातली असेल तर शेवटच्या दोन-तीन धावपटूंची पाळी रद्द होण्याचीही शक्यता असते.

बारा जणांच्या टप्प्यांच्या शर्यतीत कागदावरची विश्रांती याहूनही मोठी दिसते. टप्पा सरासरी 53 मिनिटांचा धरला, तर एका धावपटूच्या दोन पाळ्यांमध्ये पावणेदहा तास मिळतात. प्रत्यक्षात त्यातला बराचसा वेळ आपल्या गाडीतल्या इतरांना सोडणे, आणणे, पाणी देणे यांत जातो. खरी मोकळीक मिळते ती दुसऱ्या गाडीतले सहा जण धावत असताना, म्हणजे सव्वापाच तास. आणि तेवढ्यातच पुढच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास, जेवण, कपडे बदलणे आणि झोप बसवावी लागते. झोप दोन तासांची झाली तरी नशीब समजावे. शिवाय सहा जणांचे चिखलाने भरलेले बूट आणि ओले कपडे एका बंद गाडीत असले की काचांवर वाफ धरते आणि काहीही वाळत नाही. बदलीच्या जागी गाड्या उभ्या करण्यासाठी बहुधा मोकळे शेत किंवा गवताळ मैदान असते. पावसात तेथे धावपटूच्या आधी गाडीच रुतते.

टप्प्यांच्या प्रकाराविरुद्ध माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र गाडी चालवणाऱ्याबद्दल आहे. सतत 17 तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता रक्तात सुमारे 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे प्रयोगांत आढळले आहे, आणि अनेक देशांत वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा तेवढीच आहे. पहाटे चार वाजता, दोनदा धावून झालेल्या माणसाने अंधाऱ्या वळणांवर गाडी चालवणे हा निसरड्या उतारावर पडण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. न धावणारा, दिवसा झोपून आलेला चालक प्रत्येक गाडीला मिळणार असेल तरच या प्रकाराचा विचार करावा; एरवी तो यादीतून काढून टाकावा.

टप्प्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो चिखलाशीच निगडित आहे. दोनशे संघ उतरले असतील, तर टप्प्यांच्या शर्यतीत वाटेच्या कोणत्याही तुकड्यावरून दोनशे जणच जातात. तीन फेऱ्यांच्या स्पर्धेत प्रत्येक फेरीवरून प्रत्येक संघाचे आठ जण जातात, म्हणजे सोळाशे. एकाच फेरीच्या स्पर्धेत तर सगळा भार त्या एका वाटेवरच पडतो. संध्याकाळी नुसती ओलसर असलेली वाट मध्यरात्रीपर्यंत तुडवली जाऊन तिचा राडा होतो. जमीन वाळूमिश्रित असेल तर पाणी निचरून जाते आणि फारसे बिघडत नाही. चिकणमाती असेल तर पाऊस थांबल्यानंतरचे तास सर्वांत वाईट असतात, कारण पातळ चिखल बुटावरून ओघळून जातो, पण अर्धवट सुकलेला चिखल थरावर थर चढवत बुटाचे वजन वाढवत नेतो. म्हणून नोंदणीपूर्वी हवामानाच्या अंदाजाइतकीच जमिनीचीही चौकशी करावी. (स्पर्धांच्या जाहिरातींत मात्र वाट कायम कोरडी आणि सूर्य कायम उगवता असतो.)

नवख्या संघाने तरीही एकाच फेरीची स्पर्धा निवडावी, असे मी सुचवीन. तुडवलेल्या वाटेचा तोटा मान्य करूनही, तीच वाट एकदा उजेडात पाहिलेली असण्याचा फायदा रात्री फार मोठा ठरतो. कोणत्या वळणानंतर मुळे आडवी आली आहेत, ओहोळातला कोणता दगड हलतो आणि कोणत्या उतारावर पाय टाकण्याऐवजी सरळ बसून घसरत जाणे शहाणपणाचे आहे, हे आधीच ठाऊक असते. रात्री ज्याची त्याची धाव चिखलाची कड धरून जाण्याकडे असते. त्याने वाट रुंदावत जाते आणि कडेच्या तिरक्या उतारावर घोटाही मुरगळतो. चिखलाखाली पाय कुठे टेकतो ते पहिल्या फेरीत पाहून ठेवले असेल, तर मधूनच बिनदिक्कत जाता येते. तीन फेऱ्यांच्या प्रकारात ही माहिती दुसऱ्याच्या तोंडून मिळते, त्यामुळे परत आलेल्या धावपटूने अंग पुसण्याआधी पुढच्याला दोन वाक्यांत वाट सांगण्याची शिस्त संघाने लावून घ्यावी. टप्प्यांच्या प्रकारात तुमचा टप्पा तुमच्या संघातल्या कोणीही पाहिलेला नसतो.

नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून धावण्याची रिले हा चौथा प्रकार आहे. फिनलंडमधली युकोला 1949 पासून होते आणि तीत सात जणांचा संघ शनिवारी रात्री अकराला सुटतो. स्वीडनमधली तिओमिला 1945 पासून चालू आहे आणि तीत दहा टप्पे असतात. दलदल आणि काळोख दोन्हींचा कस तेथे लागतो, पण नकाशावाचन येत नसेल तर या तुलनेत तिला स्थान नाही.

संघ आठ जणांचा असावा की चौघांचा, हा पुढचा प्रश्न. तीन फेऱ्यांच्या स्पर्धांत चौघांच्या संघालाही प्रवेश असतो आणि मग प्रत्येकाला सहा फेऱ्या कराव्या लागतात. वर धरलेल्या चिखलाच्या वेगाने त्या एकेक करून केल्या, तर दोन पाळ्यांमध्ये 3 तास 36 मिनिटे मिळतात. दोन-दोन फेऱ्या सलग केल्या, तर 2 तास 24 मिनिटे धावावे लागते, पण नंतर 7 तास 12 मिनिटे मोकळे मिळतात. नियम परवानगी देत असतील तर चिखलात दुसरा मार्ग निःसंशय बरा. साडेतीन तासांच्या खंडातला जवळजवळ एक तास चिखल काढणे, अंग कोरडे करणे आणि खाणे यांतच जातो, अर्धा तास आधी उठून पुन्हा तयार व्हावे लागते, आणि उरलेल्या दोन तासांत झोप लागेलच असे नाही. सहा वेळा भिजण्यापेक्षा तीन वेळा अधिक काळ भिजणे शरीराला आणि मनाला सोपे जाते.

तळावर परतल्यानंतरचा पहिला पाव तास कसा जातो, यावर पुढची पाळी अवलंबून असते. लेसची गाठ चिखलाने भरून घट्ट आवळलेली असते, बोटे गारठलेली असतात आणि नख घातले तरी गाठ सुटत नाही. अशा वेळी तंबूच्या बाहेरच पाण्याची बाटली त्या गाठीवर ओतावी, दोन बोटांनी चोळावी आणि मग ओढावी. बूट तंबूबाहेर ताडपत्रीवर राहतात, कोरडे मोजे आधी चढतात आणि मग बाकीचे. पावलांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असेल तर ती पुसून अर्धा तास उघडी ठेवावी, आणि पुढच्या पाळीआधी तिला पेट्रोलियम जेली चोळावी.

बुटांच्या बाबतीत निवड सोपी आहे. सोलवरचे लग (जमिनीत रुतणारे खुंट) 6 ते 8 मिलिमीटर उंच आणि एकमेकांपासून दूर असलेले बूट चिखल धरून ठेवत नाहीत; 4 मिलिमीटरचे सर्वसाधारण ट्रेल बूट कडक वाटेवर आरामशीर असतात, पण चिकणमातीत त्यांच्या फटी भरून तळवा गुळगुळीत होतो. वॉटरप्रूफ बुटांचा मोह टाळावा, कारण वरून एकदा आत शिरलेले पाणी त्यांतून बाहेर पडत नाही. एका महाग जोडीऐवजी दोन साध्या जोड्या न्याव्यात.

दिव्यांबाबत एवढेच सांगतो की केवळ कपाळावरचा दिवा धुक्यात आणि पावसात डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा करतो, तर कमरेला बांधलेल्या दिव्याने खड्ड्यांच्या सावल्या पडून खोली कळते. दोन्ही असतील तर उत्तम. सलग दोन फेऱ्या करणाऱ्याने जास्तीची बॅटरी अंगाजवळ, उबेत ठेवावी, कारण थंडीत तिची क्षमता घटते.

धावण्याचा क्रम ठरवताना पहाटे तीन ते पाचची पाळी कोणाकडे जाते, हे आधी पाहावे. या वेळी शरीराचे तापमान आणि सावधता दोन्ही तळाला असतात आणि झोपेतून उठल्यावरची गुंगी अर्ध्या तासापर्यंत टिकते. संघातला सर्वांत वेगवान माणूस या पाळीला लागतोच असे नाही. जो पडला तरी न चिडता उठतो आणि ज्याला उतारावर घाई नसते, तो येथे उपयोगी पडतो. चिखलात येण्याच्या वेळेचा अंदाज सहज वीस मिनिटांनी चुकतो, त्यामुळे पुढच्याने बदलीच्या जागी लवकर जाऊन उभे राहावे, पण अंगावरचे जाड जाकीट धावपटू दिसेपर्यंत काढू नये.

शेवटी गळतीचा हिशेब. आठ जणांपैकी एकाचा पाय पहिल्याच फेरीआधी दुखावला, तर त्याच्या तीन फेऱ्या सात जणांत वाटल्या जातात आणि कोणाच्याही वाट्याला एकीपेक्षा जास्त येत नाही. चौघांपैकी एक गेला, तर उरलेल्या तिघांवर प्रत्येकी दोन फेऱ्या वाढतात, म्हणजे चिखलात जवळजवळ अडीच तासांची जादा धाव. काही स्पर्धा अशा वेळी दुसऱ्याला धावू देतात, काही त्या संघाची वेळ अधिकृत निकालात धरत नाहीत. चौघांचा संघ नोंदवण्यापूर्वी नियमपत्रातले हे कलम आणि राखीव धावपटूचे नाव किती तारखेपर्यंत बदलता येते ते वाचून घ्यावे.