जिम्नीला २३५/७५ आर१५ टायर: घासाघाशीचा हिशेब

मारुतीची जिम्नी ही छोटी ४×४ गाडी कशी आहे ते सगळ्यांना माहीत आहे, थेट मुद्द्यावर येतो. कंपनीचे १९५/८० आर१५ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि रिम इंचांत) काढून २३५/७५ आर१५ ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता-चिखल दोन्हीला चालणारे टायर घातले, त्याला अख्खा पावसाळा आणि हिवाळा उलटला. टायरबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती टायरवाल्याच्या "साहेब, बिनधास्त बसतो" या वाक्याबद्दल. बसतो की, सरळ रस्त्यावर छान बसतो. दुकानातून निघताना पहिलंच वळण घेतलं आणि डाव्या चाकातून खर्रर्र! परत आत वळलो तर म्हणे, "थोडं घासणारच. नाहीतर लिफ्ट करून घ्या." लिफ्ट म्हणजे उंच स्प्रिंगा वगैरे घालून बॉडी वर उचलणं; त्याचं किट अर्थातच त्याच्याच फळीवर.

व्यास ६९३ मिमीवरून ७३३ वर गेला. रुंदीही ४० मिमीने वाढली आणि रिम तेच, म्हणजे त्यातले २० मिमी आतल्या बाजूला सरकले. सगळं रामायण या २० मिमीचं आहे.

पैसे काढायच्या आधी टायर घासतोय नेमका कुठे ते बघा. पोराच्या कंपासपेटीतला खडू घेतला, टायरच्या खांद्याला गोल फासला, दोन्हीकडे फुल लॉक मारून (स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून) गाडी पुढे-मागे घेतली आणि मग टॉर्च घेऊन चाकाखाली आडवा झालो. दोन जागा निघाल्या. एक, बंपरचा खालचा मागचा कोपरा आणि त्याला लागून असलेलं लायनरचं, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या आतलं प्लास्टिक. दुसरी, आत पुढच्या अॅक्सलचा आर्म, म्हणजे अॅक्सलला चॅसिसशी जोडणारा दांडा; तिथल्या काळ्या रंगावर खडूचा पांढरा पट्टा अगदी स्पष्ट.

आता गंमत बघा. आर्म अॅक्सललाच बोल्ट केलेला असतो. लिफ्ट केली की बॉडी वर जाते, बंपर-लायनर टायरपासून लांब जातात, पण आर्म आणि टायरमधलं अंतर आहे तेवढंच राहतं. म्हणजे फुल लॉकला आर्मवर होणारी खर्रर्र हजारो रुपये घालूनही तशीच. दुसरा सल्ला स्पेसरचा, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला घालायच्या चकतीचा. त्याने चाक बाहेर येतं आणि आर्म सुटतो, पण वळताना टायर मोठा फेर घेतो आणि बंपरच्या कोपऱ्यावर आणखी जोरात आदळतो. एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं! हे मला दुकानात एकानेही सांगितलं नाही.

मी केलं ते असं. बंपरचा कोपरा हॅक्सॉ ब्लेडने तिरका कापला आणि कड पॉलिश पेपरने घासली. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून हीट गन आणून लायनर मऊ केलं, आत दाबलं आणि केबल टायने बांधलं. आर्मसाठी ओळखीच्या मेकॅनिकने स्टिअरिंगच्या स्टॉपरला वॉशर घालून चाकाचं वळणं किंचित कमी केलं. आता सोसायटीच्या गेटातून एका दमात निघत नाही, एकदा मागे घ्यावी लागते. सगळा खर्च एका मिसळपार्टीपेक्षा कमी. लिफ्ट किट म्हणजे निव्वळ लूट, असं मी चारचौघांत ठणकावून सांगत होतो.

मग भोर-महाड रस्त्याने वरंधा घाट उतरलो. चार माणसं, मागे सामान, वळणावर खड्डा. चाक वर दबलं आणि पुन्हा खर्रर्र, यावेळी लायनरच्या वरच्या बाजूला. म्हणजे रिकाम्या गाडीची खडूची चाचणी अर्धीच. माणसं बसवून, एक चाक फुटपाथवर चढवून मगच लॉक मारून बघा. लायनर पुन्हा तापवून दाबलं, आता निम्म्याहून जास्त आवाज गेलाय. तेव्हा लिफ्टबद्दलचं मत थोडं सौम्य करतो: कायम भरलेली गाडी घाटात न्यायची असेल तर थोडी लिफ्ट कामाची आहे. पण मग पुढचा कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन, जो चाक सरळ ठेवतो) कमी होतो, वेगात स्टिअरिंग सैल वाटतं आणि ते सुधारायला वेगळे बुश. खर्चाची शेपटी वाढतच जाते.

स्टेपनीत पैसे वाचवायला जाऊ नका. या गाडीच्या ४×४ ला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळे एक चाक लहान असलं की ४एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड लावणं म्हणजे गिअरबॉक्सच्या जिवाशी खेळ. मी पाचवा टायर कुरकुरत घेतला.

मायलेज पडलं म्हणून रडणाऱ्यांनी एक हिशेब करावा: चाक मोठं झाल्याने मीटर किलोमीटर कमी मोजतं. मीटरवर १०० झाले की गाडी जवळपास १०६ चाललेली असते. एवढं धरलं तरी फटका बसतोच, कारण टायर जड आहेत आणि चढावर आधीपेक्षा लवकर खाली दुसऱ्या गिअरमध्ये यावं लागतं.

चिखलात मात्र पैसे वसूल. ग्राउंड क्लिअरन्स २० मिमी वाढला आणि जिथे पूर्वी पोट टेकायचं तिथून आता निघून जाते. तरीही हे झिजले की २१५/७५ घेणार. व्यास जेमतेम १० मिमी जास्त, आर्मचा प्रश्नच नाही, वॉशरही काढून टाकता येतील. बंपरचा कापलेला कोपरा राहील तसाच, नवा बंपर काही मी घेत नाही.