एअर प्युरिफायर, आईचा दमा आणि आमचा कूलर: आठ महिने वापरल्यानंतर

आईला जुना दमा. दिवाळी सरली की रात्री तीनला खोकल्याची उबळ ठरलेली. आम्ही नागपुरात झिंगाबाई टाकळीला राहतो, उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या. मागच्या ऑक्टोबरात 13,000 रुपयांचा प्युरिफायर घेऊन आईच्या खोलीत ठेवला.

हिवाळ्यात पैसे वसूल झाले. थंडीत गार हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जातच नाही. डिसेंबरात पहाटे खिडकी उघडली की पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक धूलिकणांचा, आकडा 150 च्या वर. दारं-खिडक्या लावून तासभर चालवला की 30. आपल्याकडे 24 तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. पंधरापर्यंत आमची खोली कधी उतरली नाही, पण आई सलग झोपू लागली. दम्याचा पंप (इनहेलर) मात्र सुटलेला नाही. मशीन आलं म्हणून पंप थांबवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी आईने चार दिवस थांबवून पाहिलाच. पाचव्या रात्री नेब्युलायझर लावावा लागला.

मी चिमण्यांना बोल लावत होतो आणि सगळ्यात मोठा आकडा निघाला आमच्याच घरातून. रविवारी सावजीचा मसाला भाजला की 400 पार! मच्छर अगरबत्तीनेही तोच प्रकार, तोही रात्रभर. अगरबत्ती गेली, मच्छरदाणी आली. वर्षभर बंद पडलेला स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट 900 रुपयांत दुरुस्त झाला. हे काम आधी करायला हवं होतं.

फेब्रुवारीत फिल्टर काळा पडला. नवा 2,400 चा, यायला तीन आठवडे. शिवाय हा फिल्टर धूलिकण अडवतो, वायू नाही. फोडणीचा वास राहतोच.

मार्चअखेर कूलर लागला आणि प्युरिफायरचा कारभार आटोपला. कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि खिडकी उघडी ठेवल्याशिवाय गार करत नाही. प्युरिफायरला खोली बंद हवी. दोन्ही लावले तर प्युरिफायरचा पंखा फुल स्पीडवर घरघरतो, आकडा जागचा हलत नाही. उलट कूलरच्या बारीक तुषारांनाही सेन्सर धूळ समजतो. दुकानदाराला हे विचारलं तर म्हणाला, "एसी लावून घ्या ना भाऊ."

मेमध्ये 45 अंशांत आईला कूलर बंद कर म्हणायची माझी टाप नाही. सध्या प्युरिफायरवर तिचा पाण्याचा तांब्या असतो. पुढचा फिल्टर मात्र सप्टेंबरातच मागवून ठेवणार आहे.