टायमिंग बेल्ट एकटा बदलायचा की वॉटर पंपासकट? डिझेल ऑफरोडरवाल्यांसाठी तुलना

टायमिंग बेल्टची (वॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या दातेरी पट्ट्याची) मुदत भरली की मेकॅनिकचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "वॉटर पंपही (इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा पंप) टाकून घ्यायचा का?" गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा तो पंप कशावर फिरतो, यावर याचं उत्तर जास्त अवलंबून आहे. 'दोन्ही एकदमच बदला' हा सल्ला काही इंजिनांना चपखल लागू पडतो, काहींना तितकासा नाही. म्हणून किटची ऑर्डर देण्याआधी आपलं इंजिन कुठल्या गटातलं आहे ते पाहा.

डस्टरचं १.५ लिटर के९के डिझेल किंवा जीप कंपासचं २.० मल्टिजेट घ्या. या इंजिनांत वॉटर पंपाची पुली टायमिंग बेल्टच्याच वाटेत बसलेली असते आणि पंप टायमिंग कव्हरच्या आत असतो. याउलट जुन्या पजेरोचं ४डी५६, लँड रोव्हरचं ३०० टीडीआय आणि फॉर्च्युनर-प्राडोमधलं ३ लिटरचं १केडी. यांत टायमिंग बेल्ट आपलं काम करतो आणि पंपाला बाहेरचा बेल्ट फिरवतो, अल्टरनेटरला फिरवतो तसा. (लँड रोव्हरचं टीडी५ किंवा मित्सुबिशीचं ४एम४१ असेल तर आत चेन आहे, तुम्ही या भानगडीतून सुटलात.)

पंप टायमिंग बेल्टवर असेल तर

इथे फक्त बेल्ट बदलण्याच्या बाजूने एकच मुद्दा आहे, आजचं बिल कमी येतं. तोही फार टिकत नाही. पंप पुढे गळायला लागला की त्याच्यापर्यंत पोहोचायला तेच कव्हर, बाहेरचे तेच बेल्ट आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाचं तेच माउंटिंग पुन्हा खोलावं लागतं. वर कूलंटने भिजलेला बेल्ट परत चढवायचा नसतो, म्हणजे काही महिन्यांपूर्वी टाकलेला बेल्टही गेला. मजुरी दोनदा, बेल्ट दोनदा.

पण खरी भीती खर्चाची नाही. पंपाचं बेअरिंग जाम झालं तर बेल्ट पुलीवर घासतो आणि त्याचे दात उडतात. कूलंट बेल्टवर पडत राहिलं तर रबर खराब होतं आणि बेल्ट एखादा दात सोडतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त ठेवण्यासाठी पिस्टन वर आल्यावर फारच थोडी जागा उरते. टायमिंग चुकलं की उघडा वॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आपटतात. मग हेड उतरवणं आलं, वॉल्व्ह आले, नशीब वाईट असेल तर पिस्टनही. वाचवलेल्या पंपाची किंमत त्यापुढे काहीच नाही. या गटात मी विचारच करणार नाही: बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि पंप, सगळं एकदम.

"पण पंप मागच्याच वर्षी बदललाय" असं कुणी म्हणेल. तरी तो आज ठीक आहे का, एवढंच पाहून भागत नाही. नवा बेल्ट पुढची लाखभर किलोमीटर चालणार असेल, तर जुन्या पंपालाही तेवढं चालता यायला हवं. पुली हाताने फिरवून खरखर लागत नाही, एवढ्यावरून तशी खात्री देता येत नाही.

पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर

इथे चित्र बदलतं. पंप गेला तर आवाज येतो, कूलंट सांडतं, तापमानाचा काटा चढतो. तुम्ही वेळेत इंजिन बंद केलं तर टायमिंगला सहसा धक्का लागत नाही. म्हणून इथे पंपाचा निर्णय पंपाकडे बघूनच घ्यावा. पंपाच्या अंगावर एक छोटं छिद्र असतं, आतलं सील गेलं की तिथून कूलंट झिरपतं. त्याच्याखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत डाग आहे का? बाहेरचा बेल्ट काढल्यावर पुली धरून हलवली तर खेळ लागतो का? यापैकी काही दिसलं तर बदला. काहीच नसेल आणि पंपाचं वय कमी असेल तर तो ठेवायला हरकत नाही.

तरीही ऑफरोडला जाणाऱ्यांसाठी माझा कल पंप बदलण्याकडे आहे, आणि तो मजुरीमुळे. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनात टायमिंग कव्हरपर्यंत जायला फॅन आणि त्याच्याभोवतीचं शराउड (कव्हर) काढावंच लागतं, अनेकदा रेडिएटरही. एवढं उघडल्यावर पंप म्हणजे फक्त काही बोल्ट आणि एक गॅस्केट. उतरवलेला पंप चांगला असेल तर तो फेकू नका. नवं गॅस्केट आणि बाहेरचा एक बेल्ट सोबत ठेवून गाडीच्या पेटीत टाका. रस्त्यापासून दूर असताना हा पंप साध्या पान्यांनी बदलता येतो. पहिल्या गटातल्या इंजिनांना ही सोय नाही.

मात्र बजेट अपुरं असेल आणि पंप की बाकीचे सुटे भाग अशी निवड करायची वेळ आली, तर या गटात पंप मागे ठेवा. ४डी५६ मध्ये बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) आणखी एक छोटा बेल्ट असतो. तो तुटून मुख्य बेल्टमध्ये अडकला की मुख्य बेल्टही जातो. लँड रोव्हरच्या टीडीव्ही६ ला इंजिनाच्या मागच्या बाजूला डिझेल पंपाचा वेगळा बेल्ट असतो, तो तर बरेच जण विसरतातच. टेन्शनर आणि आयडलरचं बेअरिंगही बेल्टइतकंच फिरलेलं असतं. नवा बेल्ट जुन्या टेन्शनरवर चढवणं ही मला यातली सगळ्यात वाईट काटकसर वाटते. क्रँक (पिस्टन फिरवतात तो शाफ्ट) आणि कॅम (वॉल्व्ह उघडतो तो शाफ्ट) यांच्या ऑइल सीलचंही तेच. सील गळलं की तेल सरळ बेल्टवर.

चिखलपाण्याचा हिशेब

पुस्तकातले किलोमीटर मुख्यतः रस्त्यावरच्या गाडीसाठी असतात. लो रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या सगळ्यात हळू गिअरांत) तासन्‌तास रांगणारी गाडी किलोमीटर कमी दाखवते, पण बेल्ट तितकाच वळत असतो. ३०० टीडीआयच्या वेळापत्रकात कठीण वापरासाठी बेल्टचं अंतर निम्म्यावर आणलेलं आहे. आपल्या गाडीच्या पुस्तकातही 'कठीण वापर' असा वेगळा रकाना आहे का ते शोधा. वर्षांची मर्यादाही पाळा, उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं.

टीडीआय डिफेंडरच्या टायमिंग कव्हरला खाली एक छिद्र असतं. खोल पाण्यात उतरण्याआधी त्यात बूच बसवायचं आणि बाहेर आल्यावर काढायचं. बूच विसरलं तर पाणी आणि वाळू आत जाते. काढायचं राहिलं तर गळणारं तेल आतच साठतं आणि सील गेल्याचं कळतही नाही. कव्हर उघडल्यावर आत गाळ दिसला, तर पंप कुठल्याही बेल्टवर असो, टेन्शनर-आयडलरबाबत घासाघीस करू नका.

स्वतः की गॅरेजमध्ये

बाहेरच्या बेल्टवरचा पंप घरी जमण्यासारखा आहे. फॅनचा नट सोडवताना आट्यांची दिशा आधी पाहा. ३०० टीडीआयचा उलट्या आट्यांचा आहे, नेहमीसारखा जोर लावाल तर आणखी आवळला जाईल. गॅस्केटला पेस्ट थापू नका, आणि शेवटी सिस्टिममधली हवा नीट काढा.

टायमिंग बेल्ट मात्र क्रँक, कॅम आणि डिझेल पंप लॉक करायच्या पिना हाताशी नसतील तर अंदाजाने लावायची गोष्ट नाही. गॅरेजमध्ये दिलात तर दोन गोष्टी सांगून ठेवा. क्रँक पुलीचा बोल्ट कंपनी नवा टाकायला सांगत असेल तर नवाच टाकायचा. आणि स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने, फिरण्याच्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवायच्या. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, म्हणून दोन. हाताने फिरवताना काही अडलं तर थांबता येतं.

१केडीवाल्यांनी डॅशबोर्डवरचा टी-बेल्टचा दिवा रीसेट करून घ्यावा. नाहीतर तो नव्या बेल्टवरही जुन्याच किलोमीटरचा हिशेब सांगत राहतो.